रीमॅपनंतर घाटात पुन्हा पुन्हा लिंप मोड, कोड पी०२९९: मॅप कमी करून घेण्याआधी हे वाचा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. टर्बो पेट्रोल गाडी, फक्त सॉफ्टवेअरचा रीमॅप केलेला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल, म्हणजे मॅप, बदलून ताकद वाढवलेली), म्हणजे ज्याला स्टेज १ म्हणतात तो. शहरात झकास पळते, हायवेला ओव्हरटेक मारताना पूर्वीपेक्षा खुशीत उचलते. पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला की आठ-दहा सेकंदांत हलका झटका बसतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि टर्बो नावाची वस्तू कुणी काढून नेल्यासारखी गाडी मेंगळट होते. हाच लिंप मोड. बाजूला घेऊन किल्ली बंद करायची, मिनिटभर थांबायचं, चालू केली की पुन्हा पहिल्यासारखी. दिवा तेवढा राहतो. स्कॅनर लावला की पी०२९९, म्हणजे ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) मागितला तेवढा बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मिळाला नाही.

माझ्या गाडीने हे पसरणी घाटात अडीच महिन्यांत पाच वेळा केलं. सासरवाडी पाचगणीला, त्यामुळे टाळायची सोय नाही. गाडी आठ वर्षांची हॅचबॅक, डायरेक्ट इंजेक्शन, समोर इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी), मॅन्युअल गिअर. कंपनीची ताकद ११० पीएसच्या आसपास, मॅपनंतर ट्यूनरच्या (मॅप लिहिणाऱ्याच्या) डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, १३४ आली. म्हणजे फार काही मागितलेलं नव्हतं. गाडीचं नाव देत नाही, कारण दोष शेवटी गाडीचा निघाला नाही आणि मॅपचाही नाही.

आधी मी काय काय चुकीचं केलं

पहिल्यांदा कोड पुसला आणि विसरलो. दुसऱ्यांदा ट्यूनरकडे गेलो. त्याने बूस्टची मागणी १०० मिलिबारने खाली आणली आणि तीन आठवडे गाडी शहाण्यासारखी वागली. याच तीन आठवड्यांनी माझा घात केला, कारण मी ठरवून टाकलं की मॅपच जास्त होता. तिसऱ्यांदा बूस्ट कंट्रोल सोलेनॉइड (बूस्ट आवरणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बदलला, साडेचार हजार गेले. चौथ्या वेळेनंतर वैतागून मूळ फाइल टाकून घेतली. पंधरा दिवसांत दोनदा पाचगणी केली, एकदाही दिवा लागला नाही. बायको म्हणाली, "बघा, मी काय म्हणत होते." पुन्हा मॅप टाकला, आणि त्याच आठवड्यात पाचव्यांदा दिवा.

आता मूळ फाइलवर त्रास नाही आणि मॅपवर आहे, यावरून मॅप दोषी असंच कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. पण मूळ फाइलवर माझ्या गाडीत मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागातला) दाब जेमतेम १,७०० मिलिबारपर्यंत जातो, मॅपवर २,००० पर्यंत. दोन्ही आकडे निरपेक्ष दाबाचे, बाहेरच्या हवेसकट. आता पाइपाच्या जागी बसून विचार करा. त्याच्यावर ताण पडतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातल्या फरकाचा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, तिथे बाहेरचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. पाचगणी १,३०० मीटरच्या जवळ, तिथे ८७० च्या आसपास. मूळ फाइलवर पुण्यात पाइप ७५० मिलिबार फरक सोसतो. मॅपवर पुण्यात १,०५० आणि घाटमाथ्यावर १,१३० च्या घरात. ईसीयू निरपेक्ष दाब धरून चालतो, त्याला २,००० हवे म्हणजे हवेत. बाहेरची हवा विरळ झाली की ती कसर टर्बो जास्त फिरून भरून काढतो आणि ताण पाइपांवर येतो.

म्हणजे ७५० ला टिकणारा, १,०५० ला कसाबसा धरणारा आणि १,१३० ला सुटणारा एखादा जोड असला, तर मूळ फाइलवर गाडी निर्दोष, शहरात मॅपवरही निर्दोष आणि घाटात बंद. १०० मिलिबार कमी केल्यावर तीन आठवडे बरं का वाटलं, तेही इथेच कळतं. आजार होता तिथेच होता, फक्त तो दिसायचा उंबरठा वर सरकला होता.

शहरात का दिसत नाही याला अजून एक कारण आहे. मागणी आणि प्रत्यक्ष दाब यांतला फरक काही सेकंद टिकल्याशिवाय ईसीयू कोड लावत नाही. सातारा रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर सलग पाच सेकंद कोण धरतो? धरला तर पुढच्या सिग्नलला टेम्पोच्या हौद्यात जाल.

लॉग घ्या, अंदाज नको

पाचव्या वेळेनंतर जे केलं ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. गाडीच्या ओबीडी सॉकेटला (निदानाच्या सॉकेटला) लावायचा ईएलएम ३२७ वाला ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर निम्मं काम होतं. निम्मंच, कारण सर्वसाधारण ओबीडीतून मॅनिफोल्डचा प्रत्यक्ष दाब मिळतो, मागणीचा आकडा सहसा मिळत नाही. त्यासाठी त्या-त्या कंपनीचे खास चॅनल वाचणारं ॲप किंवा ट्यूनरचा लॉगर लागतो. स्वस्त डोंगलवर पंधरा चॅनल एकदम लावू नका, सेकंदाला एखादाच आकडा येतो आणि ऐन वेळची घसरण त्यातून निसटते. पाचच लावा: आरपीएम, मागितलेला दाब, प्रत्यक्ष दाब, वेस्टगेटची ड्यूटी टक्क्यांत आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान. वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला टाळून सोडणारी झडप, आणि ड्यूटी म्हणजे ती मिटवायला ईसीयू किती जोर लावतोय ते. गाडी चालवणारा एक, फोन बघणारा दुसरा. हे एकट्याने घाटात करू नका.

माझा मेव्हणा शेजारी बसला. तिसरा गिअर, २,००० आरपीएमपासून पूर्ण पाय. आलेल्या ओळींतल्या तीन:

२,८०० आरपीएम: मागणी १,९९०, प्रत्यक्ष १,९६०, ड्यूटी ७४ टक्के
३,१०० आरपीएम: मागणी २,०१०, प्रत्यक्ष १,८७०, ड्यूटी ८८ टक्के
३,४०० आरपीएम: मागणी २,०१०, प्रत्यक्ष १,७२०, ड्यूटी ९५ टक्के

यातला शेवटचा रकाना महत्त्वाचा. आरपीएम वाढतोय, म्हणजे टर्बोला एक्झॉस्ट भरपूर मिळतोय, ईसीयू वेस्टगेट जवळजवळ पूर्ण मिटवून "दे, अजून दे" म्हणतोय, आणि दाब उलटा खाली येतोय. टर्बो हवा देतोय पण ती इंजिनापर्यंत पोचत नाही, वाटेत कुठेतरी सांडतेय.

तुमच्या लॉगमध्ये दाब कमी आणि ड्यूटीही कमी दिसली, तर गोष्ट वेगळी. तिथे ईसीयू स्वतःच हात आखडता घेतोय. हवा तापली असेल, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोक) ऐकून ठिणगीची वेळ मागे खेचली असेल, किंवा मॅप लिहिणाऱ्याने टॉर्कची एखादी मर्यादा उचलायची राहिली असेल. अशा वेळी पाइप तपासण्यात दिवस घालवू नका, सरळ ट्यूनरला लॉग पाठवा. आणि प्रत्यक्ष दाब मागणीच्या वर उसळत असेल तर कोड बहुधा पी०२३४ येईल. मग वेस्टगेट अडकणं, ॲक्च्युएटरची (वेस्टगेट हलवणाऱ्या भागाची) बारकी रबरी नळी निसटणं किंवा तडकणं, सोलेनॉइड, असा शोध घ्यावा लागतो. एक सावधगिरी: सगळ्या गाड्यांत ड्यूटीची टक्केवारी एकाच दिशेने वाचत नाहीत, आणि नव्या गाड्यांत ॲक्च्युएटर विजेवर चालतो, तिथे ड्यूटीऐवजी वेस्टगेटची स्थिती दिसते. आधी मूळ फाइलवरचा एक चांगला लॉग काढून ठेवा, म्हणजे सरळ काय आणि उलटं काय ते कळेल. रीमॅप करणाऱ्या प्रत्येकाने तो आधीच काढून ठेवायला हवा. मी काढला नव्हता.

पंक्चरच्या दुकानात

स्मोक मशीन असलेलं गॅरेज जवळ असेल तर तिथे जा, धूर जिथून बाहेर पडेल ती गळती. मी दुसरा रस्ता धरला. हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाच्या मापाची पीव्हीसीची एंड कॅप आणली, मधोमध भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा पाइप काढून त्या जागी ही कॅप क्लिपने आवळली. मग गाडी नाक्यावरच्या पंक्चरवाल्यासमोर नेऊन उभी केली. इंजिन बंद, हवेची नळी व्हॉल्व्हला.

इथे दाब बेताने. १० पीएसआयपासून सुरू करा, १५ च्या वर जायची गरज नाही आणि जाऊही नका. कॅप उडाली तर तोंडावर येते, म्हणून समोर वाकून उभं राहायचं नाही. थोडी हवा इंजिनाच्या व्हॉल्व्हमधून एक्झॉस्टला आणि ब्रीदरमधून क्रँककेसमध्ये जातेच, त्यामुळे ऑइल भरायच्या तोंडाशी मंद फुसफुस ऐकू आली तर घाबरू नका.

साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन मी वरचे जोड तपासत होतो. थ्रॉटल बॉडीपाशी काही नाही, सोलेनॉइडच्या नळ्यांपाशी काही नाही. १० ला शांत, १२ ला शांत. पंक्चरवाले काका टायर सोडून येऊन उकिडवे बसले, मान वाकडी करून बंपरच्या खाली कान लावला आणि म्हणाले, "साहेब, वर काय शोधताय, हवा खालून जातेय." इंटरकूलरच्या खालच्या टोकाला, टर्बोकडून येणारा गरम पाइप जिथे बसतो तिथे बोट लावलं तर काळा, चिकट ओलावा. टर्बोतून थोडं ऑइल हवेबरोबर येतंच, गळतीच्या जागी ते बाहेर पडतं आणि त्यावर धूळ बसते. दिसायला दिवाळीच्या पणतीखालचा डाग. १४ पीएसआयला पाइपाची खालची कड डोळ्यांदेखत दोन मिलिमीटर सरकली आणि फुसकारा सुरू झाला. दाब सोडला की कड परत जागेवर, जणू काही झालंच नाही.

दोन वर्षांपूर्वी पुढचा बंपर बदलताना एका गॅरेजमध्ये इंटरकूलर खाली उतरवला होता. परत लावताना मूळची स्प्रिंगची क्लिप कुठेतरी गेली असावी, तिच्या जागी साधी स्क्रूची ज्युबिली क्लिप होती. शिवाय पाइप इंटरकूलरच्या तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे पुरता चढलेला नव्हता, क्लिप उंचवट्याच्या अलीकडेच आवळलेली. स्प्रिंगची क्लिप रबर तापून मऊ पडलं तरी दाबत राहते. स्क्रूची क्लिप एकदा आवळली तेवढीच. आणि हा गरम बाजूचा पाइप: दाब दुपटीवर नेला की टर्बोतून निघणारी हवा १०० अंशांच्या बरीच वर तापते. सकाळी थंड गाडीवर चालून जाणारा जोड घाटाच्या पाचव्या वळणावर ढिला पडतो, त्यात नवल नाही. कोणी तरी आधीही हा पाइप जास्त आवळून बघितला असावा, कारण क्लिपच्या पट्टीने रबरात अर्धा मिलिमीटर खाच पाडली होती.

उपाय: पाइप नवा, क्लिप मूळ प्रकारची, तोंड पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडं, पाइप उंचवट्याच्या मागे टेकेपर्यंत दाबून मग क्लिप. चढत नाही म्हणून आत ग्रीस किंवा ऑइल लावायचा मोह होतो, लावू नका. तोच पाइप पुढे सटकतो. लागलंच तर पाण्याचा हात फिरवा, वाळून जातो. पाइप आणि क्लिप मिळून अठराशे रुपये. सोलेनॉइडचे साडेचार हजार गेले ते गेले, जुना सोलेनॉइड डिकीत पडून आहे आणि चांगला आहे.

दिवा पुन्हा लागला, पण या वेळी लुकलुकला

हा भाग वगळू नका, कारण इथे बरेच जण पुन्हा पाइपांकडे वळतात. नवा पाइप बसवून सव्वा महिना झाला आणि ऐन पावसात, त्याच घाटात, तसाच झटका. मी मनात गॅरेजवाल्याला चार शिव्या हासडल्या. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. दिवा स्थिर नव्हता, लुकलुकत होता. आणि ताकद एकदम गेली नव्हती, गाडी मिसिंग मारत होती, खडखडत्या रस्त्यावरून गेल्यासारखी. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर, तोही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकेल इतका. न जळालेलं पेट्रोल तिकडे जाऊन पेटतं. अशा वेळी पाय लगेच उचलायचा, "वर पोचू मग बघू" नाही. कोड निघाला पी०३०२, दुसरा सिलिंडर.

सिलिंडरमध्ये हवा जितकी दाट, तितकी प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. माझे प्लग ३८,००० किलोमीटर झालेले. फीलर गेजने फट मोजली तर ०.९५ मिलिमीटर, नव्या प्लगला ०.७ असते. मूळ बूस्टवर कॉइल ही फट ओलांडत होती, वाढलेल्या बूस्टवर तिचा दम संपला. नवे प्लग त्याच हीट रेंजचे, फट ०.७, घट्ट किती करायचे ते टॉर्क रेंचवर. मिसफायर गेला. कॉइलची शंका असेल तर एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल, तिथेच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. यात पैसा लागत नाही. रीमॅप केलेल्या गाडीत प्लग कंपनीच्या वेळापत्रकाच्या निम्म्यावर बदलावेत असं माझं मत, आणि पसरणीने ते पक्कं केलं.

बाकीचं थोडक्यात.

लॉग स्वच्छ, पाइप घट्ट, प्लग नवे आणि तरीही वरच्या आरपीएमला ताकद कमी वाटत असेल तर पेट्रोलकडे बघा. जुना मॅप असेल तर तो वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येण्याआधी लिहिलेला असू शकतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलच्या एका भागाला साधारण ९. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं. कमी लोडवर ईसीयू हे ऑक्सिजन सेन्सरवरून सावरून घेतो, पण पूर्ण बूस्टवर इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंप आधीच काठावर असेल तर रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब पडतो आणि पी००८७ येतो. हे मात्र मॅपमध्येच सोडवायचं. ट्यूनरला सांगताना कुठल्या पंपावर कुठलं पेट्रोल भरता तेही सांगा.

सर्व्हिसिंगहून आल्यावर गाडी अचानक सभ्य झाली असेल तर बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं: सर्व्हिस सेंटरने ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि तुमचा मॅप पुसला गेला.

ट्युनिंग बॉक्स, म्हणजे सेन्सरच्या मध्ये लावायचा डबा, असेल तर वरचं निम्मं निदान लागू पडत नाही. तो सेन्सरला खोटं बोलायला लावतो, त्यामुळे लॉगमधला दाबही खोटा. आधी डबा काढा, मग मोजा.

डिझेलवाल्यांना याच कोडाला वेगळा संशयित: टर्बोच्या बदलत्या पात्यांवर काजळी बसून ती अडकतात, किंवा व्हॅक्यूमची नळी तडकते. पाइपांची तपासणी मात्र तीच.

डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोलला पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका. तिथे मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटायचा धोका असतो आणि रीमॅपने तो वाढतो. वेळ आलीच तर गिअर खाली घ्या.

आणि ज्यांनी अजून रीमॅप केलेला नाही त्यांना: वॉरंटी जाते हे धरून चाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधनं घालतं, आणि विमा कंपनीपासून लपवलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. माझ्या गाडीची वॉरंटी संपून पाच वर्षं झाली होती, विम्याच्या एजंटला मी मेल करून कळवलं. एजंटने उत्तर पाठवलं नाही, पण मेल माझ्याकडे आहे.

पाइप आणि प्लग दोन्ही झाल्यावर मेव्हण्याला घेऊन पुन्हा वाईहून वर गेलो. कोड आधी पुसला, म्हणजे नवा आला तर नवाच दिसावा. तीन वेळा तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय, तिन्ही वेळा इंजिन गरम. ३,४०० आरपीएमला मागणी २,०१०, प्रत्यक्ष १,९९५, ड्यूटी ७१ टक्के. ट्यूनरने कमी केलेले १०० मिलिबार त्याने परत दिलेत. पेंडिंग कोडचा रकानाही तपासला, तो रिकामा. दिवा लागण्याआधी चूक तिथे नोंदली जाते, त्यामुळे दिवा विझला म्हणून स्कॅनर आवरून ठेवू नका. पुढचे दोन-तीन घाट झाल्यावर एकदा तिथे डोकावून बघा.